छातीवरचं नाव

बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये यंदा वेगळीच ड्युटी लागली. आमचं कुलसंमेलन इथे भरलं आणि १४० जणांचे नावाचे बिल्ले करायचं काम, 'तू फौजी, तूच कर' म्हणत काकांनी माझ्यावर सोपवलं.

एनडीएपासून माझ्या छातीवर नेमप्लेट आहे. तिथे आडनाव पुरतं. इथे ते कुचकामी, कारण सगळ्यांचं एकच! म्हणून पहिलं नाव ठळक, खाली आईवडिलांची नावं आणि पणजोबांच्या चार मुलांच्या शाखांना चार रंग. पिनने पैठणीला भोक पडतं, म्हणून दोरी. दोरीवर बिल्ला उलटतो, म्हणून नाव दोन्ही बाजूंना.

अडलो ते आत्यांपाशी. यादीत त्या नव्हत्याच. "त्या आता दुसऱ्या घरच्या," काका म्हणाले. अनेक कुलवृत्तांतांतही लेकीची नोंद लग्नापाशी थांबते. मला हे पटत नाही. १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाहीने जिंकलं आणि शहाजीराजांना जहागीर मिळाली. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरला राज्य करू लागले. साडेतीनशे वर्षांनंतरही तंजावरचे भोसले आपल्याला आपलेच वाटतात. मग कोथरूडला दिलेली आत्या परकी कशी?

आत्यांचे बिल्ले मी माहेरच्या नावाने केले. थोरल्या आत्याने आपला बिल्ला दोनदा वाचला. "हे नाव तुला कुणी सांगितलं रे?" लग्नानंतर तिला त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

तुमच्याकडे संमेलन ठरलं, तर यादी लेकींपासून सुरू करा.