थोडें पेट्रोल, लांबचा पल्ला

पुणें-सोलापूर रस्त्यावर भिगवण ओलांडलें कीं पुढें डाळज लागतें. एका बाजूस उजनी धरणाचें पसरलेलें पाणी, दुसऱ्या बाजूस ऊस, आणि अधूनमधून डोक्यावरून बारामतीच्या शिकाऊ वैमानिकांचीं लहान विमानें, असा तेथील देखावा आहे. तेथील आमच्या एका जुन्या वाचकांचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या एकत्र कुटुंबांत सध्यां एक वाद चालला आहे. थोरल्या भावाचा मुलगा पुण्यास यंत्रशास्त्र शिकतो. त्याच्या मनानें असें घेतलें आहे कीं, परदेशांतून विमानाच्या सुट्या भागांचा संच आणावा, तो आपल्या हातानें जोडावा, आणि त्यांत बसवून आजीला काशीस न्यावें. आजी तयार आहेत. बाकीचीं मंडळी नाहींत. "मोटार पुण्यास जाऊन आली तरी पेट्रोलचा खर्च डोळ्यांत भरतो, मग विमानाचें काय?" असा चुलत्यांचा प्रश्न. "वाटेंत संपलें तर?" असा आईचा. ह्या दोहोंपैकीं आईचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. परंतु चुलत्यांना उत्तर दिल्यावांचून तिकडे वळतां येत नाहीं.

विमान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दोनशें उतारू नेणारें अवजड जेट येतें, आणि खर्चाची कल्पनाहि त्यावरूनच बांधली जाते. लहान विमानाचा संसार अगदीं निराळा. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन जुहूस विमान आणलें, तेव्हां वाटेंत अहमदाबादेस त्यांच्या 'पस मॉथ'साठीं पेट्रोल आलें तें बैलगाडींतून, चार-चार गॅलनच्या डब्यांनीं. बैलगाडींत मावेल एवढ्या इंधनावर ह्या देशांतील एका मोठ्या विमानकंपनीचा आरंभ झाला! त्याच तारखेस, २०२१ सालीं, मुंबईच्या वैमानिक आरोही पंडित यांनीं त्या उड्डाणाची आठवण म्हणून भुजहून अहमदाबादमार्गें जुहूपर्यंत एकटीनें विमान आणलें. (भुजची ती धावपट्टी १९७१ च्या युद्धांत माधापरच्या स्त्रियांनीं रात्रंदिवस खपून दुरुस्त केली होती, हेंहि येथें सांगून टाकावेंसें वाटतें.) त्या वेळीं विमानांत साठ लिटरांहून कमी पेट्रोल घेण्याचा बेत होता. विमान 'सायनस' जातीचें, स्लोव्हेनिया देशांत तयार झालेलें. अशाच विमानांतून मे २०१९ मध्यें त्या स्कॉटलंडमधील विक येथून आइसलंड व ग्रीनलंडमार्गें कॅनडांतील इकालुइटपर्यंत एकट्या गेल्या. इतक्या हलक्या विमानांतून एकटीनें अटलांटिक ओलांडणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

अशा विमानाचें ऐंशी अश्वशक्तीचें इंजिन जपून चालविलें तर तासाला बारा-तेरा लिटर पेट्रोल घेतें, आणि तेवढ्या वेळांत सुमारें १८० किलोमीटर अंतर तोडलें जातें. म्हणजे लिटरला चौदा किलोमीटर. चुलत्यांनीं आपल्या मोटारीशीं ताडून पाहावें! विमानाची खरी महागाई त्याच्या किंमतींत, विम्यांत, निगराणींत आणि ठेवावयाच्या जागेंत आहे, पेट्रोलांत नाहीं.

हें साधतें कसें? विमानाला हवेंत तोलून धरण्याचें काम पंख करतात; इंजिनानें फक्त हवेच्या अडथळ्याशीं झुंजावयाचें. सायनसचे पंख घारीच्या पंखांसारखे अरुंद व लांब, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारें पंधरा मीटर आहेत. इंजिन बंद केलें तरी एक मीटर खालीं येतांना तें पंचवीस मीटरांहून अधिक पुढें सरकतें. ह्याचा अर्थ असा कीं, माणसांसकट साडेचारशें किलोंचें तें विमान बेताच्या वेगानें पुढें न्यावयास त्याच्या वजनाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे अठरा किलोंची ओढ पुरते. विहिरीवरून भरलेली घागर शेंदतांना आपल्या आज्यांना एवढी ओढ दररोज लागत असे.

सगळी मेख त्या 'बेताच्या वेगां'त आहे. वेग सव्वापट केला कीं अंगाला घासून जाणाऱ्या हवेचा अडथळा दीडपटीहून अधिक होतो. उलट फारच सावकाश गेलें तर विमानाला नाक उचलून, कसेंबसें तरंगत जावें लागतें, आणि पंखांमुळें होणारा दुसऱ्या जातीचा अडथळा वाढतो. दोहोंच्या मध्यें एक वेग असा असतो कीं, तेथें किलोमीटरमागें पेट्रोल सर्वांत कमी लागतें. त्याहूनहि थोडा कमी असा आणखी एक वेग आहे. तेथें तासामागें पेट्रोल सर्वांत कमी लागतें. लांब जाणें आणि नुसता वेळ काढणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि नवशिके त्यांची हटकून गल्लत करतात. पहिला वेगसुद्धां विशीच्या तरुणाला फार रेंगाळता वाटतो. पुण्याजवळ हडपसर येथें कित्येक वर्षें इंजिनावांचूनचीं विमानें उडविण्याचें शिक्षण दिलें गेलें. ज्याच्याजवळ इंजिनच नाहीं त्याला ही काटकसर कोणी शिकवावी लागत नाहीं.

वाऱ्याचा हिशेब मात्र शिकावा लागतो. जातांना वारा समोरून आला तरी येतांना तोच पाठीशीं असेल, तेव्हां वजाबाकी-बेरीज सारखीच, अशी समजूत पुष्कळांची असते. ती खोटी आहे. सहाशें किलोमीटर जावयाचें व तितकेंच परतावयाचें आहे असें धरा. शांत हवेंत ताशीं १८० च्या वेगानें जाऊन येण्यास सहा तास चाळीस मिनिटें लागतील. वारा ताशीं साठ किलोमीटरांचा असेल तर जातांना वेग १२० म्हणून पांच तास, येतांना २४० म्हणून अडीच तास, एकूण साडेसात. पन्नास मिनिटें, म्हणजे सुमारें अकरा लिटर, वाऱ्यानें खाल्लीं, कारण प्रतिकूल वाऱ्यांत आपण अधिक वेळ राहतों आणि अनुकूल वाऱ्यांत कमी.

मग टाकीच मोठी कां करूं नये? ह्याचें उत्तर पायीं यात्रा करणाऱ्या जुन्या मंडळींना ठाऊक होतें: शिदोरी वाहणाऱ्या हमालालाहि त्याच शिदोरींतून जेवावयाचें असतें. हिवाळ्यांत उजनीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकदंब हंस हिमालयापलीकडून येतात. त्यांची शिदोरी म्हणजे अंगांतील चरबी, आणि किलोमागें चरबींत पेट्रोलहून थोडीच कमी शक्ति असते. परंतु जड झालेल्या पक्ष्याला तीच चरबी वाहण्यांत अधिक खर्चावी लागते. माणसानें ह्या बाबतींत हद्द केली ती १९८६ सालीं. अमेरिकेंत बर्ट रुटन यांनीं आंखलेलें 'व्हॉयेजर' हें हातानें बांधलेलें विमान घेऊन त्यांचे बंधु डिक रुटन आणि जीना यीगर १४ डिसेंबरला निघाले, आणि कोठेंहि न उतरतां, वाटेंत पेट्रोल न घेतां, पृथ्वीप्रदक्षिणा करून २३ तारखेस परतले. निघतांना विमानाचें वजन सुमारें ४,४०० किलो, आणि त्यांतील जवळजवळ ३,२०० किलो नुसतें पेट्रोल! त्या भारानें पंखांचीं टोकें धावपट्टीवर घासून निकामी झालीं. भार हलका झाल्यावर पुढचें इंजिन बंद करून मागच्या एकाच इंजिनावर त्यांनीं बहुतेक प्रवास केला. परतल्यावर टाक्यांत सुमारें पन्नास किलो उरलें होतें. आपल्या वायुदलाचे राहुल मोंगा व अनिल कुमार यांनीं २००७ च्या जून ते ऑगस्टमध्यें हलक्या विमानांतूनच पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण ठिकठिकाणीं उतरत, टाकी भरत. संसारी माणसाला हीच रीत बरी.

आतां काशी. टाकी साठ लिटरांची धरूं. धावपट्टीपर्यंत जाणें व वर चढणें ह्यांत नेहमींहून चार लिटर जादा जातात. दिवसाच्या उड्डाणास अर्ध्या तासाचें पेट्रोल राखून ठेवावें असा नियम आहे. आजी बरोबर असतां आम्ही एक तासाचें, म्हणजे तेरा लिटर, ठेवूं. राहिलें त्रेचाळीस. त्यांत तीन तास अठरा मिनिटें, म्हणजे जेमतेम ५९५ किलोमीटर. बारामती ते नागपूर सरळ रेषेंत सुमारें ५६५ किलोमीटर आहे, तें जमलें. नागपूर ते काशी सुमारें ६१५. वीस किलोमीटर कमी पडले! वीस किलोमीटर म्हणजे दीड लिटर, आणि दीड लिटरासाठीं मध्यें जबलपूरला कोण उतरतो? राखीवांतून घेतले म्हणजे झालें.

आईच्या प्रश्नाचें मूळ येथें आहे. त्या दिवशीं ताशीं तीस किलोमीटरांचा वारा समोरून लागला, आणि इतका वारा कांहीं तुफान नव्हे, तर वेग १८० चा १५० होईल. ६१५ किलोमीटरांस चार तास सहा मिनिटें, त्रेपन्न लिटरांहून थोडें जास्त पेट्रोल, शिवाय चढण्याचे चार. काशी दिसूं लागेल तेव्हां टाकींत अडीच लिटर, म्हणजे अकरा-बारा मिनिटें. त्यांतहि तळाचें थोडें पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोंचत नाहीं. आणि तेवढ्यांत मोठ्या विमानांना वाट देण्यासाठीं पंधरा मिनिटें बाजूस घिरट्या घाला, असा खालून हुकूम आला म्हणजे? राखीव पेट्रोल हें प्रवासाचें नव्हेच. तें नकाशावर न दिसणाऱ्या गोष्टींचें आहे. जबलपूरला उतरलें तर काशी तेथून सुमारें ३९० किलोमीटर राहते, आणि मग वारा समोरून आला काय किंवा बाजूनें आला काय, आजींच्या जपांत खंड पडावयाचें कारण नाहीं.

मात्र जबलपूरला कोणतें पेट्रोल मिळेल, हें निघण्यापूर्वीं विचारून ठेवलें पाहिजे. मोठीं विमानें केरोसिनच्या जातीच्या इंधनावर चालतात. तें ह्या इंजिनास निरुपयोगी. लहान विमानाचें खास पेट्रोल आपल्याकडे पूर्वीं परदेशांतून येत असे. इंडियन ऑइलनें तें २०२२ सालीं येथें तयार करून विकावयास काढलें, तरी सर्वच तळांवर तें मिळतें असें नाहीं. "मग डाळजच्या पंपावरून डबे भरून नेऊं," असें चिरंजीव म्हणतील. सायनससारखीं इंजिनें मोटारीच्या पेट्रोलवर चालतात हें खरें. परंतु त्यांच्या कारखान्यानें पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असें सांगितलें आहे, आणि आपल्या पंपांवर २०२५ पासून बहुतेक सर्वत्र वीस टक्क्यांचें मिश्रण आहे. बारामती-इंदापूरच्या उसाला त्यामुळें चांगलें गिऱ्हाईक मिळालें, ह्याचा आम्हांसहि आनंद आहे. पण इथेनॉलमध्यें लिटरामागें पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच शक्ति असते, तें हवेंतील ओल धरतें, आणि कांहीं रबरी नळ्यांना बाधतें. मोटार अडखळली तर रस्त्याच्या कडेला लावतां येते.

राहतां राहिला संच. वर आम्हीं 'तासाला तेरा लिटर' हा आंकडा सहज वापरला. परंतु चिरंजीवांच्या विमानासाठीं तो आंकडा कोणी दिला? कारखान्यांतून तयार होऊन आलेल्या विमानाबरोबर अनेक उड्डाणांनीं पारखलेलें कोष्टक येतें. घरीं जोडलेलें प्रत्येक विमान मात्र स्वभावानें निराळें. एकाचा सांधा किंचित् उंच राहतो, दुसऱ्याला रंगाचा एक हात जास्त बसतो, तिसऱ्याच्या पंख्याचा कोन अर्ध्या अंशानें फिरतो. म्हणून अमेरिकेंत, निम्म्याहून अधिक काम स्वतः केलें असेल तर हौशी माणसाला परवाना मिळतो खरा, पण पहिले पंचवीस ते चाळीस तास त्यानें ठरलेल्या प्रदेशांतच उडावें लागतें.

आपल्याकडे ही वाट किती लांबची आहे हें मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणावरून दिसतें. कांदिवलीस चारकोप येथें, एकत्र कुटुंब राहतें त्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें. तेंहि आयत्या संचावरून नव्हे, स्वतःच्या आंखणीनें. फेब्रुवारी २०१६ मध्यें तें मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. सरकारी नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्यें झाली, उडविण्याची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्यें मिळाली, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून तें उडालें ऑगस्ट २०२० मध्यें. घरच्या माणसांचा एवढीं वर्षें पाठिंबा राहिला नसता तर तें विमान गच्चीवरून खालीं उतरलेंच नसतें.

डाळजकरांनीं मुलाला 'नाहीं' म्हणूं नये असें आमचें मत आहे. पण संच मागविण्यापूर्वीं त्यानें उडावयास शिकावें, आणि विमान सिद्ध झाल्यावर ते पहिले चाळीस तास गंमतींत न घालवितां मापांत घालवावे. टाकी काठोकाठ भरावी. घड्याळ लावून एक तास एकाच उंचीवर, एकाच वेगानें उडावें. खालीं येऊन मापाच्या भांड्यानें टाकी पुन्हां त्याच रेषेपर्यंत भरावी, आणि किती लागलें तें वहींत लिहावें. समोरच्या कांट्यावर विसंबूं नये, उतरत्या टाकींत तो फार लबाड्या करतो. दुसऱ्या दिवशीं वेग दहानें वाढवून तेंच करावें, तिसऱ्या दिवशीं दहानें कमी करून. मग शेजारच्या आसनावर आजींच्या वजनाइतकीं वाळूचीं पोतीं पक्कीं बांधावीं, त्यांवर गंगाजळाच्या तांब्यापुरती एक पिशवी ठेवावी, आणि पुन्हां पहिल्यापासून सगळे तास मोजावे.