गिधाडावर लिहू नका!

"पाखरांवर काहीतरी गोड लिहून पाठवा. मात्र गिधाडे, पिसाळलेली कुत्री, रोगराई वगैरे नको. सणाचे दिवस आहेत, घरातली लहानथोर मंडळी अंक वाचतात." एका संपादकमहाशयांचे हे पत्र. मोर चालेल, भारद्वाज तर अवश्य चालेल (त्याचे दर्शन शुभ!), आणि रोगराईसाठी त्यांच्याकडे डॉक्टरांचे सदर आहेच. रानाच्या गोष्टी सांगणाऱ्याने दवाखान्याची पायरी चढू नये, असे हे एकंदर सोवळे. ते मला मुळीच मान्य नाही.

गिधाडाचेच घ्या. माझ्या लहानपणी माळावर मेलेले जनावर टाकले, की बघता बघता आभाळातून गिधाडे उतरत आणि मागे हाडे तेवढी उरत. 1990 नंतर ती दिसेनाशी झाली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना ओस पडलेली घरटी आणि मान टाकून बसलेले पक्षी दिसले. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारामागे एखादेच उरले! कारण 2004 मध्ये उजेडात आले. गुरांच्या दुखण्यावर सर्रास टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध! टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. भारत सरकारने 2006 मध्ये हे औषध गुरांसाठी बंद केले.

पण तोवर मेलेल्या गुरांचे काय झाले? ती सडली, पाण्यात गेली, भटक्या कुत्र्यांच्या पोटात गेली. कुत्री वाढली की त्यांच्यामागून काय येते, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? अनंत सुदर्शन व एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे गिधाडे गेल्यामुळे 2000 ते 2005 या काळात 5 लाखांहून अधिक माणसे जादा दगावली. आता सांगा, हा लेख पाखरांच्या पानावर छापायचा, की डॉक्टरांच्या?

कोणी म्हणेल, ज्याचे काम त्याने करावे. रेचेल कार्सन यांनाही अमेरिकेत हेच ऐकवले गेले. बाईंनी सोळा वर्षे सरकारी नोकरी केली, मासे आणि वन्य जीव यांच्या खात्यात. समुद्रावर पुस्तके लिहिली, तोवर सारे खूश होते. 1962 मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' आले, फवारणीची विषे पाखरांच्या आणि माणसांच्या शरीरात कशी साठतात हे त्यांनी सांगितले, आणि कारखानदार खवळले. भावनाविवश म्हणून बाईंची हेटाळणी झाली. पुस्तक लिहिताना त्या स्वतः कर्करोगाशी झुंजत होत्या. 1964 मध्ये त्या गेल्या. अमेरिकेने डीडीटीचा शेतीतला वापर थांबवला तो 1972 मध्ये. आजही त्यांच्या माथी मलेरियाचे पाप मारणारे आहेत. वास्तविक कीटकनाशके समूळ बंद करा, असे त्यांनी म्हटलेच नव्हते. बेसुमार फवारलेत तर डास विषाला दाद देईनासे होतील, हा इशारा त्यांचाच.

आमच्यातले काही जण एक चिमणी दिसली नाही की जगबुडी आली म्हणून हाकाटी करतात, हे मी कबूल करतो. रक्त डॉक्टरांनीच तपासावे, याबद्दलही वाद नाही. पण मेलेले माकड आधी कोणाच्या दृष्टीस पडते? 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मेली आणि माणसेही तापाने फणफणली. गोचिडींतून येणारा हा माकडताप 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात येऊन ठेपला. काजूच्या बागेत जाणाऱ्या बाईला झाडाखाली मेलेले माकड दिसले, तर तिने त्याला हात न लावता आरोग्य केंद्रात कळवले पाहिजे. हे तिला मोरावरच्या लेखात वाचायला मिळणार आहे काय?

संपादकमहाशयांना मी गिधाडावरचाच लेख धाडला. चौथ्या दिवशी तो 'साभार परत' आला. तोच आता तुमच्या हाती आहे. चकली खात वाचलात तरी माझी हरकत नाही.