पंचवीस मिनिटं पुरेत

मंडळाच्या वसंत सहलीत मिसळीच्या रांगेत उभी असताना एका भाऊजींनी विचारलं, "वहिनी, तो बॅटरीवाला ट्रिमर खरंच वापरता, की गराजमध्ये शोभेला टांगलाय?" वापरते, दर शनिवारी, असं मी म्हटलं तर ते हसले. "अहो, खेळणं आहे ते. पंचवीस मिनिटांत मान टाकतं. घ्यायचं तर ८० व्होल्टचं घ्या, नाहीतर सरळ गॅसचं." मागच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात वाढणाऱ्यानं माझ्या वाटीत तर्री ओतली आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. ते आता लेखी देते.

पंचवीस मिनिटांत मान टाकतो, हे कबूल. माझा वाद असा की पाव एकराच्या आतल्या घराला त्याहून जास्त लागतच नाही. लागत असेल तर घोळ आपल्या वेळापत्रकात आहे.

मोवर फिरवून झाल्यावर जे उरतं ते ट्रिमरचं काम. कुंपणाच्या फळ्यांचा पाया, एसीच्या युनिटभोवतीचा चौकोन, टपालपेटीचा खांब, ड्राइव्हवेची कड आणि फुटपाथलगतची ती पट्टी, जिच्यावर एचओएचा सदैव डोळा असतो. एकदा पावलांनी मोजलं, तर आमच्याकडे ही सगळी कड ४०० फुटांच्या आसपास भरली. नुसतं चालत गेलं तर दोन मिनिटांचं अंतर. गवत बोटभर वाढलेलं असेल तर ट्रिमर घेऊन हे काम पंधरा-अठरा मिनिटांत उरकतं. हातभर वाढलेलं असेल तर दोन बॅटऱ्या लागतात, दोरी तीनदा तुटते आणि घरात शिरल्यावर जो पहिला दिसेल त्याच्यावर आपण खेकसतो. ह्यूस्टनमध्ये मार्च ते नोव्हेंबर गवत दम खात नाही. पंधरा दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही की काम दुप्पट होत नाही, चौपट होतं.

त्यात आमच्याकडे बर्म्युडा. नाव ऐकून कोणी विलायती प्रकरण समजू नये. ही आपली हराळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. माझ्या आजोबांच्या शेतात ती खणून काढायला माणसं लावावी लागत, आणि एक कांडं मागे राहिलं तरी ती पुन्हा फुटायची. इथे आपण तिचीच गादी पैसे मोजून ट्रकमधून आणतो आणि दारात अंथरतो. आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी काय शब्द वापरले असते, ते अंकात छापता आले नसते. देश बदलला तरी तिचा स्वभाव तोच: जमिनीवरून धावे सोडायचे, जमिनीखालून मुळं पसरायची आणि आठवड्याच्या आत फुटपाथवर पाय ठेवायचा. अशा गवताशी महिन्यातून एकदा युद्ध करून काही साधत नाही. तिला दर आठवड्याला थोडं थोडं टोकत राहावं लागतं. बॅटरी लहान असली की ही शिस्त आपोआप लागते. मी ठरवते म्हणून मी दर शनिवारी बाहेर पडत नाही. दोन शनिवार चुकले तर एका बॅटरीत भागणार नाही हे माहीत असतं, म्हणून पडते.

हे यंत्र मुळात आपल्याच गावचं आहे, हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. १९७१ साली ह्यूस्टनमध्ये नृत्यशाळा चालवणारे जॉर्ज बॅलस गाडी धुवायला गेले होते. तिथले गरगर फिरणारे नायलॉनचे ब्रश पाहून त्यांना कल्पना सुचली. घरी येऊन त्यांनी पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडली, त्यांतून मासे पकडायची दोरी ओवली आणि तो डबा एजरला जोडला. त्यातून 'वीड ईटर' जन्माला आला. १९७७ साली त्यांनी कंपनी इमर्सन इलेक्ट्रिकला विकली. मला या गोष्टीत आवडतं ते निराळंच. बॅलस यांना जास्त जोराचं यंत्र नको होतं. बुंध्याभोवतीचं गवत तर निघावं आणि झाडाच्या सालीला धक्का लागू नये, एवढ्यासाठी त्यांची खटपट चालली होती. पातं नको म्हणून दोरी.

आणि आज आपल्या कॉलनीतून एक फेरी मारा. क्रेप मर्टलच्या कोवळ्या झाडांचे बुंधे जमिनीपासून वीतभर सोललेले दिसतील. हे झाड म्हणजे आपल्या तामणाचं, महाराष्ट्राच्या राज्यफुलाचं, अगदी जवळचं नातेवाईक. त्याची साल पातळ. सालीच्या आतल्या थरातून पानांनी केलेलं अन्न मुळांकडे उतरतं; तो थर चारी बाजूंनी कापला गेला की वर पालवी दिसत राहते आणि खाली मुळं उपाशी मरतात. वर्ष-दोन वर्षांनी झाड वाळतं आणि आपण म्हणतो, "यंदा थंडी फार पडली." जाड दोरी आणि घाईतला माणूस एकत्र आले की हे होतं. माझा छोटा ट्रिमर सालीला इजा करत नाही असा दावा मी करणार नाही, तोही करतो. पण हलका असल्यामुळे तो हवा तिथे थांबवता येतो. शिवाय झाडाभोवती दोन फुटांचं आळं करून त्यात मल्च घातलं की तिथे ट्रिमर न्यायची गरजच उरत नाही.

आता व्होल्टबद्दल. खोक्यावर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं असतं. आत पाच लिथियमच्या घटांची माळ असते. भरगच्च चार्ज असताना प्रत्येकी सुमारे ४ व्होल्ट, म्हणून २०. काम करताना सरासरी ३.६, म्हणून खरे १८. '४० मॅक्स'मध्ये तसेच दहा घट, '८०'मध्ये वीस. काम किती वेळ चालणार हे नुसत्या व्होल्टवरून कळत नाही. त्याला अँपिअर-तासांनी गुणावं लागतं. माझी बॅटरी १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची, म्हणजे ७२ वॉट-तास. एक युनिट वीज १५ सेंटला धरली तर पूर्ण चार्ज दीड सेंटाच्याही आत. आपली मंडळी गाडी घेताना मायलेज काढतात, पुण्यात फ्लॅट घेताना कार्पेट एरिया काढतात, आणि ट्रिमर घेताना मात्र खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघतात. मग तो मोठा आकडा गराजमध्ये टांगून राहतो, कारण उचलल्यावर दहा मिनिटांत खांदा भरून येतो. माझा ट्रिमर बॅटरीसकट सात पौंडांचा आहे. मी ६१ वर्षांची आहे. यजमानांची कंबर वाकत नाही. ८० व्होल्टचा त्यांनी घेतला असता, मी वापरला नसता आणि शेवटी माणूसच बोलवावा लागला असता.

गॅसच्या ट्रिमरशीही आमचा संसार झाला आहे. हे घर घेतलं तेव्हा आधीचे मालक तो ठेवून गेले होते. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे तेल मिसळून द्यायचं: ५० भाग गॅसला १ भाग तेल, गॅलनला २.६ औंस. ते मापायला एक वेगळी बाटली, हात धुवायला वेगळा साबण. इथल्या गॅसमध्ये इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं आणि हिवाळाभर टाकीत राहिलं की कार्ब्युरेटर तुंबतो. दर मार्चमध्ये आमच्याकडे दोरी ओढण्याचा सोहळा असे: बारा वेळा यजमान, आठ वेळा मी, मग शेजारचा मुलगा. सुरू झाला की बोलणं बंद, कारण काही ऐकूच येत नसे. घामाला गॅसचा वास लागायचा तो दुसऱ्या दिवशीच्या वरणापर्यंत टिकायचा.

"मग माणसं लावा की, ५० डॉलर टाकले की झालं," हा पुढचा सल्ला. आम्ही तीन वर्षं लावली होती. त्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. भर जुलैत दिवसाला दहा-बारा अंगणं करणं काय असतं ते मला शनिवारच्या अठरा मिनिटांत कळतं. त्यांना दिवसभर यंत्र चालवायचं असतं, त्यामुळे त्यांनी गॅसचं वापरावं की बॅटरीचं हा हिशेब निराळा, आणि त्यांच्या खिशाचा. माझा प्रश्न आपल्याबद्दल आहे. त्यांच्यासाठी बनलेलं यंत्र आपण आपल्या ४०० फुटांसाठी का विकत घेतो? हॉटेलची दहा किलोची कढई आणून कोणी दोन माणसांचे पोहे करत नाही.

धुराचं मी थोडक्यात आटोपते. कॅलिफोर्नियानं २०२१ साली कायदा केला आणि २०२४च्या मॉडेलपासून बागेची नवी यंत्रं धूर न सोडणारी हवीत असं ठरलं. आपल्या टेक्सासनं २०२३ साली नेमकं उलट केलं: इंजिन कुठल्या इंधनावर चालतं यावरून शहरांना अशा यंत्रांवर बंदी घालता येणार नाही. तिकडे बंदी, इकडे बंदीवर बंदी. त्यामुळे इथे कोणी आपल्यावर सक्ती करणार नाही. आणि माझ्या युक्तिवादाला त्या सक्तीची गरजही नाही. पण "लिथियम खाणीतून येतं, तेही कुठे शुद्ध आहे?" असं विचारणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच पाच घटांत भागत असेल तिथे वीस घट घेऊ नका.

बॅटरीची खरी खोड वेगळीच आहे, आणि ती भाऊजींच्या लक्षात आलेली नाही. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही. खाच मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. पहिली बॅटरी घेणं म्हणजे सोयरीक करणं. पुढचं प्रत्येक कार्य त्याच घरी. माझी एक बॅटरी चौथ्या वर्षी गेली, तेव्हा नवी बॅटरी जवळजवळ नव्या ट्रिमरच्या भावात पडली. मी चरफडले, आणि घेतली. त्यामुळे दुकानात जाण्याआधी घरातलं ड्रिल कुठल्या कंपनीचं आहे ते बघा आणि त्याच बॅटरीवर चालणारा नुसता ट्रिमर आणा. दुसरी गोष्ट, बॅटरी गराजमध्ये ठेवू नका. आपल्याकडे ऑगस्टमध्ये गराजचा भट्टा होतो आणि उष्णतेनं लिथियमचं आयुष्य भराभर उतरतं. माझी पॅन्ट्रीत असते, पोह्यांच्या डब्याशेजारी. संपलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत दाराशीच त्यासाठी पेटी असते. आणि ट्रिमरची दोरी साबुदाण्यासारखी रात्रभर पाण्यात भिजत घाला. नायलॉन पाणी पितं, लवचीक होतं, कुंपणाला लागून कमी तुटतं. १.६५ मिलिमीटरची पातळ दोरी हराळीला पुरते. जाड दोरी लावली तर लहान मोटर नुसती कण्हते.

हे सगळं कुठे चालत नाही तेही सांगते. ज्यांची जागा एकर-दोन एकर आहे, ज्यांच्या मागे नाला आहे आणि नाल्यात पुरुषभर जॉन्सन ग्रास माजलंय, त्यांनी माझं ऐकू नये. पण सहलीच्या रांगेत माना डोलावणाऱ्या त्या तिघांपैकी एकाच्याही मागे नाला नाही. मी सत्यनारायणाला तिघांकडेही जाऊन आले आहे.

२०२४च्या जुलैत बेरिल वादळ आलं आणि या भागातल्या २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमच्याकडे सहा दिवस अंधार होता. "आता कर चार्ज," असं मला कोणीतरी फोनवर म्हणालं होतं, त्यात थोडा आनंदही होता. गवत सहा दिवस वाढलं, वाढू दिलं. पॅन्ट्रीतल्या दोन बॅटऱ्यांवर मात्र त्याच कंपनीचा छोटा पंखा यजमानांच्या उशाशी दोन रात्री चालला आणि एक दिवा स्वयंपाकघरात. गॅसच्या ट्रिमरला पंखा जोडता येत असेल तर भाऊजींनी जरूर कळवावं.

गणपतीच्या साधारण दोन आठवडे आधी मी एक काम करते. एसीच्या युनिटमागे हराळीची चार फुटांची पट्टी आहे. तिच्यावर आम्ही कधी औषध मारत नाही. ती पट्टी मी ट्रिमरनं अगदी बुडाशी छाटते, म्हणजे चतुर्थीपर्यंत कोवळे, तीन पानांचे तुरे येतात. गेल्या भाद्रपदात २१च्या नऊ जुड्या निघाल्या. त्यातल्या दोन भाऊजींकडे गेल्या, कारण त्यांच्या लॉनवर दर महिन्याला फवारणी होते आणि तिथल्या दूर्वा देवाला वाहायची वहिनींची तयारी नव्हती.