स्वतःपुरती कॉपी, तिला कसली भीती?

बोरिवली घ्या, मुलुंड घ्या नाहीतर घाटकोपर, जिकडे बघावं तिकडे रीडेव्हलपमेंट. बिल्डिंग रिकामी करायची म्हणजे आधी माळा रिकामा करायचा. आणि माळ्यावर हमखास सापडतो तो कॅसेट्सचा खोका. काही विकत आणलेल्या, काही रेडिओवरून भरलेल्या. टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेलेला असतो. मग घरातल्या कॉलेजवाल्यांना ऑर्डर सुटते, ‘एवढं मोबाइलमध्ये घालून दे रे!’ कुठून तरी जुना प्लेअर मिळवा, केबल जोडा, लॅपटॉपवर रेकॉर्ड करा. तासाभराच्या कॅसेटला पूर्ण एक तास. काम कंटाळवाणं आहेच, पण बेकायदा आहे का?

मित्रांना विचारलं तर दोनच उत्तरं मिळतात. ‘कोण बघायला येतंय?’ नाहीतर ‘पायरसी आहे ती!’ कायद्याचं उत्तर या दोन्हींपेक्षा वेगळं आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. काय केलं तर उल्लंघन होत नाही, त्याची यादी त्याच्या कलम ५२मध्ये आहे. खासगी वापराची सवलत त्यात होती, पण ती साहित्य, नाटक, संगीत आणि कलाकृतींपुरती. इथे ‘संगीत’ म्हणजे फक्त चाल. स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं गाणं कायद्याच्या लेखी वेगळं, ते ‘ध्वनिमुद्रण’. आणि ते या सवलतीत नव्हतं! २०१२च्या दुरुस्तीने ही सवलत कॉम्प्युटर प्रोग्राम सोडून सगळ्याच कृतींना लागू केली. म्हणजे घरोघरी कॅसेटवरून कॅसेट भरली जात होती तेव्हा सवलत नव्हती. ती आली तोवर कॅसेट माळ्यावर गेली होती.

बरं, आली तरी गोष्ट स्पष्ट झाली असं नाही. कायदा म्हणतो, खासगी वापरासाठी ‘फेअर डीलिंग’ चालेल. पण फेअर म्हणजे काय? किती कॉपी? ताईला पेनड्राइव्हवर दिली तर? याची व्याख्या कायद्यात नाही. आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद लिहिलेली आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, इतकाच दिलासा.

या सवलतीचा वापर एका कंपनीनेही करून पाहिला. एअरटेलच्या विंक ॲपविरुद्ध टिप्स कंपनी मुंबई हायकोर्टात गेली, तेव्हा विंकचा एक बचाव असा होता की डाउनलोड केलेली गाणी ग्राहक खासगी वापरासाठीच ठेवतात. एप्रिल २०१९मध्ये कोर्टाने तो फेटाळला. पैसे तुम्ही कमावताय, मग ग्राहकाच्या खासगी वापराची ढाल तुम्हाला कशी मिळेल, असा त्याचा अर्थ. २०२२मध्ये खंडपीठानेही निकाल कायम ठेवला. बरोबरच झालं. ही सवलत माणसांसाठी आहे, धंद्यासाठी नाही.

पण पुढचं बघा. २०२४मध्ये एअरटेलने विंक बंद करायचा निर्णय घेतला. ॲप गेलं की त्यातलं डाउनलोडही गेलं. खोक्यातली कॅसेट मात्र तिची कंपनी बुडाली तरी वाजते. आपल्या पिढीकडे हजारो गाणी आहेत, पण हातात एकही नाही. म्हणूनच स्वतःच्या मालकीची एक कॉपी असणं हा मुद्दा आपल्यासाठी मोठा आहे.

आता कोणी विचारेल, कलाकारांचं काय? प्रश्न रास्त आहे. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएसचं ऑफिस इथेच, अंधेरीत आहे. जर्मनीने १९६५मध्येच टेपरेकॉर्डरवर कलाकारांसाठी आकार लावला. अमेरिकेने १९९२मध्ये डिजिटल रेकॉर्डरवर २ टक्के आणि कोऱ्या डिजिटल टेप-डिस्कवर ३ टक्के रॉयल्टी ठेवली. त्या बदल्यात, धंद्यासाठी नसेल तर घरगुती रेकॉर्डिंगवर दावा लावता येणार नाही, असं लिहून दिलं. पण त्या कायद्यात कॉम्प्युटर बसला नाही, आणि १९९९मध्ये कोर्टाने एमपीथ्री प्लेअरही त्यात बसत नाही म्हटलं. यंत्राला बांधलेला कायदा यंत्राबरोबर म्हातारा होतो. शिवाय आपल्याकडे मोबाइलवर असा आकार लावला, तर गाणी न ऐकणाऱ्यालाही तो भरावा लागेल. आणि ज्या कॅसेटचे पैसे एकदा दिलेत, तिची स्वतःपुरती कॉपी काढताना पुन्हा पैसे कशाला?

सोपा मार्ग आपल्याच कायद्यात आहे. कलम ३९ प्रक्षेपणाच्या आणि सादरीकरणाच्या हक्कांबद्दल आहे. तिथे सरळ म्हटलंय की स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग हे त्या हक्कांचं उल्लंघन नाही. ‘फेअर’ची अट त्या वाक्यात नाही. मग असंच एक वाक्य विकत घेतलेल्या गाण्यासाठी का नको? रीतसर घेतलेल्या रेकॉर्डिंगची स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी कॉपी चालेल. विकणं आणि इंटरनेटवर टाकणं चालणार नाही. बस्स.

यात कंपनीचं नुकसान नाही, गायकाचंही नाही. फायदा एवढाच, की प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्याला कायदा समजून घ्यायला वकील लागणार नाही.