नैनितालच्या गर्दीचं खापर बजेटवाल्यांवर फोडू नका

मे महिना आला की नैनितालच्या घाटातल्या गाड्यांच्या रांगेचे व्हिडिओ फिरायला लागतात. खाली ठरलेल्या कमेंट्स: ‘स्वस्तातल्या पब्लिकने वाट लावली’, ‘सगळं महाग करा, गर्दी आपोआप हटेल’. आपल्या मराठी ग्रुपांवरही हेच वाचलं, म्हणून हा पोस्टप्रपंच.

मला हे अजिबात पटत नाही. मुळात त्या रांगेत बजेटवाला असतो किती? तो काठगोदामला रेल्वेतून उतरतो, रोडवेजच्या बसने पस्तीसेक किलोमीटरचा घाट चढून तल्लीतालला येतो आणि पुढे पायी. त्याला पार्किंग लागत नाही. बादलीभर पाण्यात त्याची आंघोळ उरकते, आणि तिथे पाण्याला फार किंमत आहे, कारण गाव मुख्यतः याच तळ्याचं पाणी पितं.

मी गेलो ते असाच. मॉल रोडच्या समोरच्या काठाने ठंडी सडक जाते. झाडांखालची वाट, गाड्यांना बंदी, वाटेत पाषाण देवीचं देऊळ, पुढे मल्लीतालला नैनादेवी. खर्च शून्य. नैना पीक साधारण २६०० मीटर उंच; दम लागतो, पण सिंहगड चढणाऱ्याला विशेष नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आभाळ मोकळं असेल तर वरून हिमशिखरांची रांग दिसते. वल्ह्याची बोट दोघाचौघांत वाटून घेतली की तीही परवडते. (मॉल रोडवरचं जेवण मात्र टाळा, मल्लीतालच्या बाजारात शिरा.)

कचऱ्याचं म्हणाल तर मान्य. चिप्सची पाकिटं टाकणाऱ्याला दंड कराच, बसने आलेला असो वा एसयूव्हीने.

पण या गावाचं खरं दुखणं डोंगराचं आहे. १८ सप्टेंबर १८८० च्या दरडीत १५१ माणसं गेली. २०१८ मध्ये लोअर मॉल रोडचा तुकडा तळ्यात घसरला. २०२४ च्या पावसात टिफिन टॉपवरची डोरोथी सीट कोसळली. अशा ठिसूळ डोंगरावर आणखी हॉटेलं, आणखी पार्किंग चढवायचं कुणासाठी? चालत फिरणाऱ्यासाठी नक्कीच नाही. वरच्या अंगाला सूखाताल आहे. पावसात भरतो, एरवी कोरडा, पण तिथलं मुरलेलं पाणीच खालच्या तळ्याला पोसतं. त्याच्याही पात्रात बांधकामं आणि पार्किंग झालं!

‘महाग करा’ म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. दोन-चारशे रुपये जादा पडले म्हणून मोठी गाडीवाला घाटातून माघारी फिरेल? फिरणार तो बसवाला, ज्याचा गावावर भार सर्वांत कमी.

हंगामात पोलीस गाड्या गावाबाहेर अडवून शटलने माणसं आत सोडतात. तेच बारमाही करा, आणि आत येणाऱ्या गाड्यांचा रोजचा आकडा बांधून द्या. हॉटेलवाले ओरडतील, ओरडू देत. आपल्या माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावर लावून लोक पुढे चालतातच की, आणि तिथली हॉटेलं काही ओस पडलेली नाहीत.

यंदा कोणी निघालं असेल तर गाडी घेऊन जाऊ नका. काठगोदामचं तिकीट मात्र आत्ताच काढा, नंतर मिळत नाही.