रस्ता कोणाचा? शिकागोच्या मीटरांचा धडा

गणेशोत्सवाच्या या दिवसांत आपले रस्ते काही काळ वाहनांचे राहत नाहीत. ते मांडवांचे, आरास पाहावयास निघालेल्या कुटुंबांचे आणि अखेरच्या दिवशी मिरवणुकीचे होतात. त्यावरून कुरकुर होते, वादही झडतात. तथापि, रस्ता काही तास उत्सवाकरिता मोकळा करून दिला म्हणून महानगरपालिकेने एखाद्या खासगी कंपनीस भरपाई द्यावी, ही कल्पना आपल्या मनास शिवत नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात मात्र हे प्रत्यक्ष घडत आहे. तेथे मिरवणूक, जत्रा अथवा दुरुस्ती यांकरिता गाड्या उभ्या करण्याच्या सशुल्क जागा ठरावीक मर्यादेपलीकडे बंद ठेवल्या, तर बुडालेले उत्पन्न शहराने कंपनीस भरून द्यावे लागते. ही पाळी का आली, हे समजून घेणे आपल्याही हिताचे आहे.

वाहनतळाचा मीटर मुळात लोकांस नाडण्याकरिता जन्मास आला नव्हता. ओक्लाहोमा शहरात दुकानांतील नोकरमाणसे सकाळी गाडी लावीत ती संध्याकाळपर्यंत हलवीत नसत. गिऱ्हाइकांस जागा मिळेना. वृत्तपत्र संपादक कार्ल मॅगी यांनी यावर तोडगा म्हणून यंत्राची कल्पना पुढे आणली आणि 16 जुलै 1935 रोजी जगातील पहिला मीटर तेथे उभा राहिला. पाच सेंटचे नाणे टाकावे आणि ठरलेला वेळ गाडी उभी करावी, असा साधा व्यवहार होता. प्रारंभी लोक संतापले. परंतु जागा फिरती राहू लागल्याचे पाहून मीटर नसलेल्या बाजूचे दुकानदारही तो मागू लागले. नियमभंगाबद्दल पहिल्यांदा पकडले गेलेले गृहस्थ एक धर्मोपदेशक होते, असे सांगतात. ते सुटे पैसे आणावयास शेजारच्या दुकानात गेले होते. न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. यंत्र नवे होते, पण ते चालविणाऱ्यांस तारतम्य होते.

शिकागोत हे तारतम्यच गहाण पडले. 2008 च्या अखेरीस शहराच्या अंदाजपत्रकात मोठी तूट होती. महापौर रिचर्ड एम. डेली यांनी सुमारे 36,000 मीटरांचे उत्पन्न 75 वर्षांकरिता एका खासगी गुंतवणूकदार गटास देण्याचा करार मांडला. मोबदला सुमारे 115 कोटी डॉलर. करार जाहीर झाल्यापासून तीन दिवसांच्या आत नगरसेवकांनी तो 40 विरुद्ध 5 मतांनी संमत केला. तीन पिढ्यांस बांधून टाकणारा दस्तऐवज वाचावयासही पुरेसा अवधी कोणास मिळाला नाही. पुढे जून 2009 मध्ये शहराचे महानिरीक्षक डेव्हिड हॉफमन यांनी हिशेब मांडला, तेव्हा हा हक्क किमान 97 कोटी डॉलरांनी स्वस्तात गेला असा निष्कर्ष निघाला.

झळ लागली ती सामान्य नागरिकास. लूप या मध्यवर्ती व्यापारी भागातील दर ताशी 3 डॉलरवरून 2013 पर्यंत साडेसहा डॉलरवर गेला. काही वस्त्यांत तो पाव डॉलरवरून दोन डॉलर झाला. 2009 च्या वसंतात नाण्यांनी भरून गेलेले मीटर बंद पडू लागले, गाडीवाल्यांनी बहिष्काराची भाषा केली आणि मीटर फोडण्याचेही प्रकार घडले. काहींनी न्यायालयाचे दार ठोठावले. यश आले नाही. हाती आलेली बहुतेक रक्कम तूट भरण्यात अल्पावधीतच खर्ची पडली. कंपनीने मात्र आपली मूळ रक्कम केव्हाच वसूल केली आहे आणि कराराची अर्ध्याहून अधिक वर्षे अजून उरली आहेत. 2013 मध्ये महापौर राम इमॅन्युएल यांनी मध्यवर्ती भागाबाहेरील बहुतेक ठिकाणी रविवार मोफत करून घेतला. उपासनेच्या दिवसाची ही सवलतही फुकट मिळाली नाही. बदल्यात अनेक ठिकाणी रात्रीची शुल्काची वेळ वाढवून द्यावी लागली.

मीटरचे शुल्क कंपनीचे, तर दंडाचे पैसे शहराचे. तेथेही तीच वृत्ती दिसते. गाडीवर शहराचा वार्षिक परवाना, म्हणजे स्टिकर, नसल्यास होणारा दंड 2012 मध्ये 120 डॉलरवरून 200 डॉलर करण्यात आला. तो वेळेवर न भरल्यास दुप्पट होई आणि वर वसुलीचा 22 टक्के आकार चढे; अशा रीतीने 200 चे 488 होत. तीन चिठ्ठ्या थकल्या की चाकाला जॅमर लागण्याची पाळी येई. 2018 मध्ये शोध पत्रकारांनी दाखवून दिले की, या कर्जापायी हजारो लोक दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचले होते आणि त्यांत कृष्णवर्णीय वस्त्यांतील गरिबांचा भरणा अधिक होता. पुढे काही नियम सौम्य झाले. 2020 पासून केवळ थकलेल्या वाहनतळ-दंडासाठी वाहनपरवाना निलंबित करणे इलिनॉय राज्याने बंद केले. परंतु ज्याचे घर मोडले त्यास ही सुधारणा उशिराची होती.

मग मीटरच वाईट काय? तसे म्हणता येणार नाही. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहराच्या जुन्या पेठेत 1993 मध्ये मीटर बसविताना व्यापाऱ्यांनी प्रथम विरोधच केला. मीटरचे उत्पन्न याच पेठेच्या पदपथांवर, दिव्यांवर, झाडांवर आणि स्वच्छतेवर खर्चिले जाईल, असे ठरताच विरोध मावळला आणि उतरणीस लागलेली पेठ पुन्हा गजबजली. या विषयाचे अभ्यासक प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी या उदाहरणाचा आवर्जून पुरस्कार केला. नाणे दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच की, एके ठिकाणी ते ज्या रस्त्यावर पडले त्याच रस्त्याच्या कामी आले आणि दुसरीकडे ते 75 वर्षांकरिता आधीच विकले गेले होते.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील पथकराचा हक्क 2004 मध्ये 15 वर्षांकरिता 918 कोटी रुपये आगाऊ घेऊन देण्यात आला होता. म्हणजे उद्याचे उत्पन्न आज विकण्याची रीत आपणांसही अपरिचित नाही. पुणे महानगरपालिकेने 2018 मध्ये सशुल्क वाहनतळाचे धोरण संमत केले आणि मुंबईत जुलै 2019 पासून सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा उभ्या केलेल्या गाड्यांस हजारो रुपयांचा दंड लागू झाला. शहरांत गाड्या वाढल्या असता शिस्त हवी, हे कोणीही सुज्ञ नाकारणार नाही. वाटेल तेथे गाडी लावून पादचाऱ्यांची, वृद्धांची आणि रुग्णवाहिकेची वाट अडविणे हाही एक अधर्मच होय.

मात्र शिस्तीच्या नावाने जेव्हा ठराव येईल, तेव्हा नागरिकांनी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. हा पैसा कोणत्या रस्त्यावर खर्च होणार? दंड अपराधाच्या प्रमाणात आहे की तिजोरीच्या गरजेच्या? आणि करार किती वर्षांचा? विसर्जनाच्या दिवशी ज्या रस्त्याने आपण बाप्पास निरोप देतो, तो मागल्या पिढीने आपल्या हाती मोकळा सोपविला आहे. तो तसाच पुढील पिढीच्या हाती देणे, हे आपले कर्तव्य आहे.