तासांची बेरीज आणि अनुभवाचे वजन

वैमानिकाच्या लॉगबुकात, म्हणजे त्याच्या प्रत्येक उड्डाणाची अधिकृत नोंद असलेल्या वहीत, सगळे तास एकाच बेरजेत जमा होतात. परंतु भरती करणाऱ्या विमान कंपनीने त्या बेरजेवर थांबू नये. सेसना १७२ मधून स्वच्छ हवेत धावपट्टीभोवती घातलेल्या फेऱ्यांचा तास, दोघांनी कामे वाटून घेऊन ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणाचा तास आणि मुंबई-न्यूयॉर्क प्रवासात ऑटोपायलटवर लक्ष ठेवण्यात गेलेला तास, हे तीन निरनिराळे अनुभव आहेत. लांब पल्ल्याच्या अशा उड्डाणावर वैमानिक पाळीपाळीने विश्रांती घेतात आणि इतक्या तासांच्या शेवटी विमान धावपट्टीवर उतरवण्याची संधी एकालाच मिळते. उलट दिवसाला चार फेऱ्या करणाऱ्या एटीआर ७२ च्या सहवैमानिकाचे तास सावकाश वाढतात, पण त्याचा हात रोज घडतो.

अमेरिकेने या प्रश्नाला आकड्याने उत्तर दिले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे क्यू४०० विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर २०१० चा कायदा आणि २०१३ चा नियम यांनी सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांची अट घातली. मात्र त्या विमानाच्या कॅप्टनच्या नावावर ३,३७९ आणि सहवैमानिकेच्या नावावर २,२४४ तास होते. स्टिक शेकर, म्हणजे विमान स्टॉल होण्याच्या (पंखांची उचल ढासळण्याच्या) बेतात असल्याचा इशारा देण्यासाठी नियंत्रणदांडा हलवणारी यंत्रणा, सुरू झाल्यावर कॅप्टनने दांडा पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. पूर्वीच्या चाचण्यांतील त्याच्या अपयशांची पूर्ण माहितीही भरतीच्या वेळी कंपनीपुढे नव्हती. तासांची उणीव हे या अपघाताचे कारण नव्हते, आणि सैन्यातून आलेल्यांना ७५० व मान्यताप्राप्त विमानविद्येच्या पदवीधरांना १,००० तासांची सवलत देऊन नियमानेच तासांचे मोल सारखे नसल्याचे मान्य केले.

भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात. त्यांपैकी १०० तास ‘पायलट-इन-कमांड’ म्हणून, म्हणजे उड्डाणाची अंतिम जबाबदारी स्वतःकडे ठेवून, केलेले असावे लागतात. एवढ्या अनुभवावर, विशिष्ट विमान चालवण्याची मान्यता, म्हणजे टाइप रेटिंग, घेऊन, तरुण सहवैमानिक एअरबस ए३२० वर बसू शकतो, आणि शिस्तबद्ध सिम्युलेटर प्रशिक्षणाच्या बळावर ही पद्धत चालते, हे नाकारण्याचे कारण नाही.

अन्याय होतो तो प्रशिक्षकांवर. बारामती किंवा गोंदियाच्या धावपट्टीवर शेकडो तास शिकवणाऱ्याची वही बहुतांशी ‘एक इंजिन, पिस्टन’ या रकान्यात भरते, आणि भरतीच्या जाहिराती बहुधा टर्बाइन विमानावरचे किंवा नेमक्या त्याच प्रकारच्या विमानावरचे तास मागतात. वास्तविक दुसऱ्याची चूक कुठपर्यंत होऊ द्यायची आणि कोणत्या क्षणी नियंत्रण हाती घ्यायचे, हा निर्णय प्रशिक्षक रोज घेतो. नवख्या सहवैमानिकाशेजारी बसलेल्या कॅप्टनचे कामही हेच असते. वादळी हवा आणि दोघांनी मिळून काम करण्याची रीत सिम्युलेटरमध्ये काही आठवड्यांत बऱ्याच अंशी शिकवता येते, तो निर्णय मात्र तेवढ्या अवधीत अंगवळणी पडत नाही. म्हणून निवड मंडळांनी एकूण तासांबरोबर उड्डाणांची व लँडिंगची संख्या, शिकवण्याचे तास आणि चाचण्यांचा संपूर्ण इतिहास अर्जातच मागवावा, असे या मासिकाचे आग्रहाचे मत आहे.